जुना एलएक्स३ आणि नवा मिररलेस: एकाच जागेवरून काढलेले फोटो आणि एक प्रश्न

तांबडफुटी

नमस्कार मंडळी,

घरात २००९ पासून पॅनासॉनिकचा लुमिक्स एलएक्स३ हा कॉम्पॅक्ट (लेन्स न बदलणारा छोटा कॅमेरा) आहे, लेन्सचं झाकण हाताने काढावं लागतं तोच, काळा, धातूचा. यंदा कॅनन आर५० घेतला, लेन्स बदलता येणारा, आत आरसा नसलेला म्हणून मिररलेस, सोबत किटमधली, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी, १८-४५ मिमी लेन्स. दिवाळीत वाईला आजोळी गेलो तेव्हा दोन्ही बरोबर नेले आणि एकाच जागी उभं राहून, एकाच उजेडात, एकदा ह्याने एकदा त्याने असे फोटो काढत सुटलो. एवढ्या वर्षांत नेमकं काय बदललंय ते मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

भर उन्हात घाटावरून ढोल्या गणपतीचं देऊळ काढलं, पुराचं पाणी कापायला मागची भिंत माशाच्या आकाराची केलीय त्या बाजूने. दोन्ही फोटो ए४ कागदावर छापून घरच्यांपुढे ठेवले तर कुठला कशाचा ते कुणालाही सांगता येईना. त्यात नवल नाही, ए४ला ३०० डीपीआयने छापायचं तर ८.७ मेगापिक्सेल पुरतात आणि एलएक्स३ला १० आहेत. मॉनिटरवर शंभर टक्के मोठं केलं की मात्र आर५०मध्ये दगड न दगड सुटा दिसतो आणि एलएक्स३मध्ये निळ्या आभाळातसुद्धा बारीक दाणे दिसतात.

मग माजघर. एकच खिडकी, शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात उतरंड. एलएक्स३ एफ २.० (लेन्सचं छिद्र, आकडा लहान तितका उजेड जास्त), १/३० सेकंद, आयएसओ ४०० (संवेदनशीलता, चढवली की दाणे वाढतात). आर५० एफ ४.५, १/३०, आयएसओ २०००. नवीन फोटो चांगला आहे, पण मला वाटलं होतं तेवढा नाही. सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, आठपट मोठा आणि फरक एवढासाच का?

ओटीवरून अख्खा चौक एलएक्स३मध्ये मावला, आर५०मध्ये तुळशीवृंदावन कापलं जात होतं आणि मागे सरकायला जागा नाही, पाठीला भिंत. एलएक्स३ २४ मिमीपासून सुरू होतो, आर५० किटवर १८ गुणिले १.६ (फिल्मच्या चौकटीपेक्षा सेन्सर लहान असल्याने येणारा क्रॉप) म्हणजे जवळजवळ २९, आणि आकडा जितका मोठा तितकं दृश्य अरुंद.

आणि भाचा. वय वर्षं चार, फुलबाजी विझली की दुसरी आणायला धावत घरात. एलएक्स३ फोकस लावेपर्यंत पोरगं फ्रेमच्या बाहेर. आर५०ने डोळा पकडला की सोडतच नाही.

तर प्रश्न असा, की आर५०ला कुठली लेन्स जोडली तर त्या मोठ्या सेन्सरचा माजघरात खरा उपयोग होईल? आणि एलएक्स३ ठेवावा की कुणाला द्यावा? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा.


काकडीची_कोशिंबीर

चहा घेऊन बसलेय. हा धागा रंगणार.


अप्पा_ठाणेकर

फोन कुठला आहे तो सांगा आधी. आजच्या वरच्या श्रेणीतल्या फोनचा मुख्य सेन्सर १/१.३ इंचाच्या आसपास असतो, तुमच्या एलएक्स३चा १/१.६३. म्हणजे खिशातला फोनच एलएक्स३पेक्षा मोठा सेन्सर घेऊन फिरतोय, शिवाय एका क्लिकमध्ये बरेच फोटो काढून एकावर एक रचतो. माजघराचा फोटो फोनवर दोघांपेक्षा स्वच्छ आला असता असं माझं मत. दोन कॅमेरे का वागवायचे?


रेडिओवाला

तांबडफुटी, तुमच्या कॅमेऱ्यात काही गडबड नाही. हिशेब मांडून बघू.

एलएक्स३चा सेन्सर साधारण ४२ चौरस मिलिमीटर. आर५०चा २२.३ गुणिले १४.९, म्हणजे ३३२. आठपट, म्हणजे तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आता लेन्स बघा. रुंद टोकाला एलएक्स३ एफ २.० आणि तुमची किट एफ ४.५, तिथे सव्वादोन स्टॉपहून जास्त गेले. लांब टोकाला २.८ विरुद्ध ६.३, पुन्हा तेवढेच गेले. तीनातून सव्वादोन वजा, हातात उरला पाऊण स्टॉप. तुम्ही जो आयएसओ ४०० आणि २०००चा फरक लिहिलाय तो लेन्सने घालवलेल्या ह्या सव्वादोन स्टॉपचा. भलाथोरला दिवाणखाना बांधला आणि उजेडाला एकच झरोका ठेवला असं झालंय ते.

लोक बॉडी ह्या बॉडीशी लावून बघतात आणि किट लेन्स फुकट आली म्हणून तिचा विचारच करत नाहीत. कॉम्पॅक्ट बनवणारे २००८ ते २०१२ च्या काळात उलटं करत होते, सेन्सर छोटा पण त्याच्यासमोर मनापासून बनवलेली उजळ लेन्स. एलएक्स३, कॅननचा एस९०, ऑलिंपसचा एक्सझेड-१, मग एलएक्स७ तर एफ १.४ पासून. तुमच्या आर५०ला आता उजळ लेन्स द्या, माजघराचा प्रश्न सुटतो.


तांबडफुटी

रेडिओवाला, हे इतकं स्पष्ट कुणी सांगितलंच नव्हतं, दुकानात तर नाहीच. पण पाऊण स्टॉपच्या वर सेन्सरचं तंत्र सुधारलंय त्याचं काय? ते कुठे दिसायला हवं?

अप्पा, फोनवरही काढला होता. स्वच्छ आहे, पण उतरंडीच्या मडक्यांवरची धूळ पुसून टाकल्यासारखी आलीय. मला ती धूळ हवी आहे.


रेडिओवाला

सावल्यांत दिसेल. दोन्हींचा रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) घ्या, डार्कटेबल ह्या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा तुम्ही जे वापरता त्यात माजघराचा काळोखा कोपरा तीन स्टॉप उजळा. एलएक्स३मध्ये जांभळट ठिपके आणि आडवे पट्टे वर येतील, आर५०मध्ये कोपरा बऱ्यापैकी धड राहील. उन्हातल्या फोटोतही आभाळ जळू नये म्हणून एक्स्पोजर खाली ठेवून मग सावली उचलायची सोय नवीनमध्ये आहे, जुन्यात जवळजवळ नाही.


मृण्मयी_म

एलएक्स३ कुणाला देऊ नका!! निदान एकदा कासला नेल्याशिवाय तरी नाही.

मी दर सप्टेंबरात जाते आणि माझ्याकडे मिररलेस असूनही एलएक्स५ बरोबर असतोच. कारण एकच, रुंद टोकाला तो समोरच्या काचेपासून एक सेंटिमीटरवर फोकस करतो. तुमची १८-४५ साधारण वीतभर अंतर मागते, आणि ते अंतर सेन्सरपासून मोजतात. एक सेंटिमीटरवर २४ मिमीने सीतेची आसवं काढली की निळंजांभळं इवलंसं फूल पुढे मोठं दिसतं आणि मागे पठार, ढग, डबकं सगळं ओळखू येतं. सेन्सर छोटा म्हणून मागचं पूर्ण विरघळत नाही, जागा कळते. मोठ्या सेन्सरवर मॅक्रो लेन्सने काढलं तर फूल सुंदर येतं पण ते कासचं आहे की कुंडीतलं ते कळायला मार्ग नाही.

एक अडचण आहे. इतक्या जवळ गेलं की लेन्सचीच सावली फुलावर पडते. त्यामुळे सूर्य बाजूने असतानाच जमतं, सकाळी लवकर. दवबिंदू, म्हणजे ते किडे खाणारं ड्रॉसेरा, त्याच्या केसांच्या टोकावरचे चिकट थेंब तिरप्या उन्हात एकेक सुटा चमकतो, तेव्हा एलएक्सचा स्क्रीन बघत मी श्वास रोखून धरते कारण एक मिलिमीटर पुढेमागे झालं की फोकस गेला.

छिद्र एफ ८पर्यंत बंद करू नका मात्र, छोट्या सेन्सरवर तिथे फोटो मऊ पडतो. एफ ४च्या आसपास सगळ्यात चांगला. आणि फुलांमध्ये आडवं पडून फोटो काढू नका कृपया, फुलं तुडवली जातात.


सव्वाअकरा

रंगांबद्दल कुणीच कसं बोललं नाही? जुन्या कॉम्पॅक्टमध्ये सीसीडी जातीचा सेन्सर असायचा. त्याचे रंग आजच्या सीमॉस जातीच्या सेन्सरमध्ये येत नाहीत. माझ्याकडे कॅननचा जी१० आहे २००८चा, १४.७ मेगापिक्सेल, सीसीडी. आयएसओ ८०ला झेंडूचा जो केशरी येतो तो मला नवीन कुठल्याच कॅमेऱ्यात मिळालेला नाही. हल्ली कॉलेजातली मुलं जुने डिजिटल कॉम्पॅक्ट शोधत फिरतायत आणि किमती वाढल्यात ते उगाच नाही.


रेडिओवाला

सव्वाअकरा, तुमच्या झेंडूबद्दल आदर आहे पण कारण सीसीडी नाही. सीसीडी असो की सीमॉस, दोन्हीत सिलिकॉनच, दोन्ही फक्त पडलेला उजेड मोजतात. रंग ठरतो सेन्सरच्या वर बसवलेल्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरमुळे आणि पुढे कॅमेरा जेपेग बनवताना जे करतो त्यामुळे. दोन्ही कॅमेऱ्यांचा रॉ घ्या, पांढरा समतोल एक करा, प्रोफाइल एकसारखं बनवा, बराचसा फरक मावळतो.

सीसीडीचा एक खरा गुण वेगळाच आहे. अशा कॉम्पॅक्टमध्ये फोटोच्या वेळी लेन्समधला शटर बंद होतो आणि मग डेटा वाचला जातो, त्यामुळे पंख्याची पाती वाकडी येत नाहीत. मिररलेसवर इलेक्ट्रॉनिक शटर लावून आवाज बंद केलात की पंखा वाकतो, आणि एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे येतात. स्नेहसंमेलनाला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

आणि एक दोषही. तांबडफुटींनी रात्री तुळशीपाशी पणत्या काढल्या असतील तर एलएक्स३च्या स्क्रीनवर ज्योतीपासून वरखाली जांभळ्या रेघा दिसल्या असतील. तो सीसीडीचाच. शटर बंद झाल्यामुळे फोटोत येत नाही, व्हिडिओत मात्र येतो.


सव्वाअकरा

मी रॉ काढत नाही, जेपेग काढतो. माझ्यासाठी कॅमेरा म्हणजे त्यातून बाहेर येणारा फोटो. तो रंग सेन्सरमुळे आला की प्रोसेसिंगमुळे, जी१०मधूनच येतो हे तर खरं? मग मी जी१० वापरणार. ह्यात मी मागे हटणार नाही.


तांबडफुटी

रेघा दिसल्या होत्या! मला वाटलं कॅमेरा शेवटच्या घटका मोजतोय. जीव भांड्यात पडला.


निवृत्त_मास्तर

माझा मुद्दा कुणाच्या यादीत नाही म्हणून लिहितो. वय झालं की कॉम्पॅक्टचा मागचा स्क्रीन चष्म्याशिवाय दिसत नाही आणि लांबचं बघायला तोच चष्मा काढावा लागतो. चष्मा लाव, स्क्रीन बघ, चष्मा काढ, पक्षी कुठे गेला बघ, ह्यात सगळी मजा जाते. एप्रिलच्या उन्हात तर स्क्रीन काळा आरसा होतो, माझाच चेहरा दिसतो त्यात.

मिररलेसला डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर असतो आणि त्याच्या कडेला एक छोटी चकती. ती फिरवली की आतली अक्षरं माझ्या डोळ्याला जुळतात, चष्मा गळ्यात राहू दे. फोटो काढायच्या आधीच उजेड किती पडणार ते आत दिसतं, हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-काळोखाचा आलेख, दिसतो. पन्नाशीपुढच्या माणसासाठी हा एक फरक सेन्सर, लेन्स, सगळ्यापेक्षा मोठा आहे. एलएक्स३ला व्ह्यूफाइंडर नाही. नवीन मिररलेस घेतानाही बघून घ्या, सोनीचा झेडव्ही-ई१० आणि निकॉनचा झेड३० ह्यांनाही नाही.


काकडीची_कोशिंबीर

मास्तर, हे माझ्या बाबांना आत्ताच्या आत्ता वाचून दाखवलं. ते म्हणतायत ह्या गृहस्थांना आपल्या घरी जेवायला बोलवा.


निवृत्त_मास्तर

येईन की. कोशिंबीर असेलच.


चिपळूणचा_बाब्या

हिशेब, रंग सगळं ठीक पण आमच्या कोकणात कॅमेऱ्याचा शत्रू एकच, बुरशी. जून ते सप्टेंबर कपाटात ठेवलेली लेन्स ऑक्टोबरात उघडून बॅटरीच्या उजेडात तिरकी धरून बघा, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर समजायचं. अदलाबदलीची लेन्स उघडून साफ तरी करता येते. कॉम्पॅक्टचा आतला गोतावळा उघडायला कुणी तयार होत नाही, झालाच तर कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मागतो. माझ्या एका जुन्या कॉम्पॅक्टची लेन्स बाहेर आली ती आत गेलीच नाही, झूमच्या नळीत वाळूचा कण. गुहागरच्या किनाऱ्यावर संपला तो.

उपाय स्वस्त आहे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलणाऱ्या घ्या म्हणजे ओल भरली की कळतं, गरम करून पुन्हा वापरता येतात. आत एक छोटा आर्द्रतामापक टाका, ४० ते ५० टक्के राहिलं पाहिजे. तांदळात ठेवू नका, पीठ उडतं ते आत जातं. आणि कातडी पाऊच सगळ्यात वाईट, कातड्यालाच आधी बुरशी धरते.

कॅमेरा वापरात ठेवणं हाही उपाय. उन्हं पडली की बाहेर काढा, झूम पुढेमागे करा.


घाटवाट_९

बाब्या शेठ लाख बोललात, डब्याचं आजच करतो.

ट्रेकवाल्याची बाजू मांडतो. एलएक्स३ बॅटरी-कार्डासकट २६५ ग्रॅमच्या घरात. आर५० बॅटरी-कार्डासकट ३७५ अधिक किट लेन्स १३०, म्हणजे ५०५. ऐकायला फरक मोठा नाही पण आकार बघा. एलएक्स पॅंटच्या बाजूच्या खिशात जातो आणि दोन्ही हात मोकळे. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना हात कातळाला लागतात, तिथे गळ्यात लोंबणारा कॅमेरा खडकावर आपटतो. सॅकमध्ये ठेवला तर काढायचा कंटाळा येतो आणि फोटो राहूनच जातो. कोकणकड्यावर पोचल्यावर मात्र मिररलेसच हवा, दरीतली सावली आणि वरचं आभाळ एका फोटोत धरायचं म्हणजे रेडिओवाला म्हणतात ते सावली उचलणं लागतंच.

वारीत उलटा अनुभव. दिवे घाटात पालखी चढते तेव्हा पाऊस, धूळ, रेटा सगळं एकदम. तिथे लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर धुळीला निमंत्रण, आभाळात काळे ठिपके येतात एफ ११ला. एक लेन्स लावायची आणि दिवसभर तीच. पण वारकरी चालत असतो, टाळ हलत असतात, तिथे फोकसचा वेग हवा. जुना कॉम्पॅक्ट बटण दाबल्यावर विचार करायला लागतो आणि तोवर तो चेहरा पुढे गेलेला असतो. मी घाटात मिररलेसच नेतो, वर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाला रबरबॅंड.


खंड्या

पक्षी काढायचे असतील तर जुना कॉम्पॅक्ट विसरा, असं सगळे म्हणतील. मी म्हणत नाही. भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जाणाऱ्या कितीतरी लोकांनी कॅननच्या एसएक्स५० वर सुरुवात केलीय, २०१२चा कॅमेरा, २४ ते १२०० मिमी. होडीत बसून, ऊन असेल तर बसलेला पक्षी ओळखण्यापुरता उत्तम येतो. निकॉनचा पी९०० त्याच्याही पुढे, २००० मिमी, २०१५चा. एवढी पोच मिररलेसवर घ्यायची तर तोफेएवढी लेन्स आणि तेवढाच खिसा.

पण उडता पक्षी आला की खेळ संपतो. आर५०वर आरएफ १००-४०० लावा, ६३५ ग्रॅम फक्त, क्रॉप धरून ६४० मिमीपर्यंत पोच, आणि कॅमेरा पक्ष्याचा डोळा ओळखतो. रोहितांचा थवा उठला की पंखांचा गुलाबी-काळा उघडतो तो क्षण जुन्या कॉम्पॅक्टवर नशिबाने मिळतो, इथे जवळजवळ दर वेळी.


काकडीची_कोशिंबीर

खंड्या, माणूस माजघरासाठी लेन्स विचारतोय, तुम्ही त्याला भिगवणला नेलंत. पुढचा धागा 'बॅग कुठली घेऊ' हाच येणार.


खंड्या

येऊ दे, बॅगेवरही माझी मतं आहेत.


सीएचडीके_भक्त

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), जुना कॅनन कॉम्पॅक्ट घरात पडून असेल तर टाकू नका. सीएचडीके नावाची फुकट प्रणाली कार्डावर टाकून चालवता येते, कॅमेऱ्याच्या मूळ फर्मवेअरला हात लागत नाही, कार्ड काढलं की कॅमेरा जसाच्या तसा. रॉ नसलेल्या मॉडेलमध्येही रॉ मिळतो, ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढता येतात. पावसाळ्यात गच्चीवरून ढगांचा टाइमलॅप्स करायला माझा जुना ए मालिकेतला कॅमेरा लावतो, पेन्सिल सेलवर चालतो, भिजला तरी काळजी नाही. महागड्या मिररलेसला तिथे कोण ठेवणार.


अप्पा_ठाणेकर

सगळं वाचलं. माझं मत थोडं बदललंय, पूर्ण नाही. पक्षी आणि धावतं पोर ह्यात फोन मार खातो हे मान्य. पण २०१०मध्ये जगभरात १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे गेले होते, २०२३मध्ये ८० लाखही नाहीत. बाकीच्या लोकांनी फोटो काढणं सोडलेलं नाही, ते फोनवर काढतायत आणि खूश आहेत. तांबडफुटींना धूळ दिसायला हवी, ठीक. बहुतेकांना नको असते.


मृण्मयी_म

अप्पा, बहुतेकांना काय हवं ह्यासाठी धागा नाहीये ना पण. ज्याला मडक्यावरची धूळ हवी आहे त्याने विचारलंय, त्याला उत्तर द्यायचंय.


अप्पा_ठाणेकर

बरोबर आहे तुमचं. मग माझंही उत्तर घ्या: फोन नाही तर ५० एफ १.८, सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त उजेड.


रेडिओवाला

माजघरात ५० नको. आर५०वर ते ८० मिमी होतं, उतरंड काढायची तर अंगणात उभं राहून दारातून काढावी लागेल. माणसांच्या चेहऱ्यांसाठी मात्र उत्तम, आणि १६० ग्रॅम.

पर्याय असे बघा. सिग्माची १८-५० एफ २.८ आता आरएफ माउंटमध्ये, म्हणजे कॅननच्या मिररलेसला बसेल अशी, मिळते, २०२४ पासून, ३०० ग्रॅम. किटच्या मानाने रुंद टोकाला अडीचपट उजेड, लांब टोकाला पाचपट. पण तिच्यात स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरायची सोय) नाही आणि आर५०च्या बॉडीतही नाही. एलएक्स३मध्ये ते आहे, तुमच्या किटमध्येही आहे. म्हणजे हलणाऱ्या माणसाला सिग्मा, आणि न हलणाऱ्या उतरंडीला हातात धरून १/८ ने काढायचं तर किटही चालेल. ट्रायपॉड असेल तर हा वादच नाही.

कॅननची ३५ एफ १.८ घेतलीत तर स्टॅबिलायझेशन आहे, उजेडही आहे, अर्ध्या आकाराचा मॅक्रोही आहे, पण क्रॉपमुळे ५६ मिमी, पुन्हा माजघरात अरुंद. २८ एफ २.८ पातळ बिस्किटासारखी, १२० ग्रॅम, ४५ मिमी, खिशात मावेल असा कॅमेरा हवा असेल तर. चौकासाठी १६ एफ २.८, ती साधारण २६ मिमी पडते, एलएक्सच्या २४च्या जवळ.

एकच घ्यायची तर माझं मत सिग्मा १८-५०.


घाटवाट_९

सेकंडहॅंडचा विचार करा. कॅननच्या जुन्या, आरसेवाल्या कॅमेऱ्यांच्या ईएफ लेन्स ॲडॅप्टर लावून आर५०वर ऑटोफोकससकट चालतात. मुंबईत असाल तर फोर्टात बोरा बाजारच्या गल्ल्यांत हिंडा, स्वतःची बॉडी बरोबर न्या, लावून बघा, बाब्याने सांगितलं तशी उजेडात तिरकी धरून बुरशी बघा मगच पैसे.


सव्वाअकरा

आणि फ्लॅश? लेन्समधल्या शटरमुळे जुन्या कॉम्पॅक्टवर खूप वरच्या शटरस्पीडला फ्लॅश जुळतो. आर५०ला साध्या फ्लॅशवर १/२५०ला थांबावं लागतं. दुपारच्या उन्हात लग्नमंडपाच्या दारात नवरा-नवरीच्या चेहऱ्यावरची सावली घालवायची आणि मागचं आभाळही राखायचं, तर मी जी१०च काढतो.


रेडिओवाला

ह्या मुद्द्यावर सव्वाअकरांना पूर्ण अनुमोदन. हाय स्पीड सिंक (त्याहून वरच्या वेगालाही फ्लॅश जुळवायची सोय) हा उपाय आहे पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच खर्ची पडते.


तांबडफुटी

सगळ्यांचे मनापासून आभार. मधे काही लिहिलं नाही कारण करून बघत होतो.

मित्राकडून सिग्मा १८-५० आणली आणि पुन्हा वाईला गेलो, त्याच वेळी, त्याच खिडकीच्या उजेडात. १/३० तोच ठेवला, एफ २.८, आयएसओ ८००वर आला. पहिल्यांदा दोन्ही कॅमेऱ्यांत उघड फरक दिसला, मोठं न करतासुद्धा. मडक्यावरची धूळ, सारवणातले हाताचे वळसे, उतरंडीमागे भिंतीला टेकवलेल्या सुपाची वीण, सगळं सावलीत असूनही सुटं. सावली उचलून बघितली तर एलएक्स३मध्ये रेडिओवाला म्हणाले तसेच पट्टे आले. मामीला फोटो दाखवला तर म्हणाली, ते सूप फाटलंय तेही दिसायला लागलं, आता दुसरं आणायला हवं.

भाच्याचे घरातले धावतेही १/२५० ने काढता आले, किटवर तिथे आयएसओ एवढा चढायचा की चेहरा मेणाचा व्हायचा.

चौक मात्र अजूनही एलएक्स३मध्येच मावतो. आणि मृण्मयी, तुमचं वाचून ओढ्याकाठी एक सेंटिमीटरवर तेरड्याचं उशिरा राहिलेलं एक फूल काढलं, मागे अख्खा डोंगर आला. त्यामुळे निर्णय असा: सिग्मा घेतोय, किट लेन्स ट्रायपॉड नसताना न हलणाऱ्या गोष्टींसाठी राहील, आणि एलएक्स३ सप्टेंबरपर्यंत माझ्याचकडे. त्यानंतर भाची मागतेय, तिला कॉलेजात न्यायचाय.

एक शेवटची मदत हवी. एलएक्स३ची मूळ बॅटरी थोडी फुगलीय, कप्प्यातून ओढून काढावी लागते. नवीन कुठली घ्यावी?


चिपळूणचा_बाब्या

फुगलेली आजच बाजूला काढा, पुन्हा चार्ज करू नका, टोचू नका, ई-कचऱ्यात द्या. नंबर सीजीए-एस००५. तोच आकार फुजीने एनपी-७० आणि रिकोने डीबी-६० नावाने विकला, दुकानदाराला तीनही नंबर सांगा म्हणजे सापडते.


सीएचडीके_भक्त

आणि भाचीला देताना ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड द्या. ६४चं कार्ड एसडीएक्ससी असतं, ते मानकच जानेवारी २००९मध्ये जाहीर झालं, एलएक्स३ त्याच्या आधीचा. दुकानात ३२चं मागितलं की लोक ६४ गळ्यात मारतात.


मृण्मयी_म

तांबडफुटी, सप्टेंबरात कासला येत असाल तर आधी कळवा. शनिवार-रविवार गर्दी असते आणि आधी नोंदणी करावी लागते, मधल्या वारी सकाळी साताऱ्याहून एकत्र निघू. भाचीलाही आणा, कॅमेरा तिथेच तिच्या हातात द्या.